दोघी तीस वर्षं एका घरात राहिल्या, त्याला काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका चरित्रासाठी जुने कागद चाळताना तुम्हाला दोन स्त्रिया सापडल्या. दोघी अविवाहित, तीस वर्षं एका घरात, एकीचं मृत्युपत्र दुसरीच्या नावे. पत्रांत जीव ओतलेला आहे, पण ‘तसं’ उघड काही नाही. नातेवाईक म्हणतात, त्या फक्त मैत्रिणी होत्या. तुमचा एक मित्र म्हणतो, यात शोधायचं काय, सगळं लख्ख दिसतंय. तेव्हा पुरावा पुरेसा आहे का, आणखी कुठे शोधायचा, आणि मेलेल्या माणसांचं खाजगी आयुष्य उकरायचा आपल्याला अधिकार काय?

उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारते. त्याच बाडात एखादं नवरा-बायकोचं जोडपंही असेल. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे लिहिताना तुम्ही काय पुरावा पाहिलात? बहुतेक लग्नाची नोंद आणि मुलांची नावं. या दोन्हींवरून प्रेम सिद्ध होत नाही, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. तरी चरित्रकार ‘सुखी सहजीवन’ असं बिनदिक्कत लिहून टाकतो आणि कुणी त्याच्याकडे अस्सल कागद मागत नाही. दोन बायकांच्या बाबतीत मात्र शयनगृहातल्या साक्षीदाराखेरीज काहीच चालत नाही. बावीस वर्षं अभिलेखागारांत धूळ खाल्ल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या विषयात पुराव्याची टंचाई आहे हे खरं, पण त्याहून मोठी अडचण आहे ती दोन वजनमापांची. जोडप्याला एक तराजू आणि या दोघींना दुसरा, असं चालणार नाही. तराजू एकच ठेवा. कडक ठेवायचा तर दोन्हीकडे कडक ठेवा.

आता पुरावा कुठे असतो ते पाहू. इथे बहुतेक नवखे अभ्यासक पहिल्याच पायरीवर घसरतात, कारण ते कागदात काय लिहिलंय ते वाचतात, तो कागद जन्माला का आला हे विचारत नाहीत.

गतकाळातल्या समलिंगी आयुष्यांबद्दलचा सर्वांत मोठा कागदसाठा पोलिसांनी, न्यायालयांनी आणि धर्मपीठांनी तयार केलेला आहे. फ्लॉरेन्स शहराने १४३२ मध्ये ‘रात्रीचे अधिकारी’ नावाचं एक खास कार्यालयच उघडलं. पुरुषांमधले संबंध शोधून दंड करणं हे त्याचं काम. शहरात ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असत, त्यांत कुणीही निनावी चिठ्ठी टाकावी. १५०२ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांत, सुमारे १७,००० लोकांची नावं या कार्यालयापुढे आली. शहराची वस्ती तेव्हा ४०,००० च्या आसपास होती. शिक्षा झाली ती सुमारे ३,००० जणांना. १४७६ मध्ये अशाच एका निनावी चिठ्ठीत तेवीस वर्षांच्या लिओनार्दो दा विंचीचंही नाव आलं होतं, पुढे ते प्रकरण निकालात निघालं.

या दप्तरातून दोन गोष्टी कळतात आणि त्या वेगळ्या ठेवायला शिकलं पाहिजे. पहिली अशी की हे संबंध शहराच्या रोजच्या जगण्याचा भाग होते, मूठभर विक्षिप्तांचा उद्योग नव्हते. दुसरी अशी की चिठ्ठी टाकणाऱ्याचा हेतू आपल्याला दिसत नाही. धंद्यातलं वैर असेल, भाऊबंदकी असेल, तुटलेलं प्रेमही असेल. लिओनार्दोबद्दलची ती चिठ्ठी म्हणजे त्याच्या आयुष्याचा पुरावा नव्हे. कुणीतरी त्याच्यावर तसा आरोप करू शकत होतं आणि तो लोकांना पटण्यासारखा होता, इतकंच ती सिद्ध करते. ‘इतकंच’ म्हणाले खरी, पण तेही थोडं नाही.

अशा कागदांत माणूस नेहमी पकडला गेलेल्या अवस्थेत भेटतो. १८८४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे खैराती नावाच्या व्यक्तीचं प्रकरण आलं. बायकांचे कपडे घालून गाताना पोलिसांनी पाहिलं, वैद्यकीय तपासणी झाली, आणि भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाखाली खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर झाला यातलं काहीच नेमकं नव्हतं. निकालात पोलिसांच्या हेतूंचं कौतुक मात्र करून ठेवलं. कायद्याच्या इतिहासकाराला या निकालात कलमाचा अर्थ दिसतो. मला त्यात बायकांच्या कपड्यांत गाणारं एक माणूस दिसतं, ज्याच्याविरुद्ध कुणाचीही तक्रार नव्हती. सरकारी कागदाने ते जपून ठेवलं, पण जपायचा त्याचा हेतू नव्हता. तुम्हाला अशी नोंद सापडली तर कलम आणि शिक्षा टिपून घ्या, आणि मग पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात फक्त प्रासंगिक तपशील टिपा: कपडे, घर, शेजारी, कामधंदा, कोण कुणाला काय हाक मारतं. कारकुनाने सहज लिहून टाकलेल्या या गोष्टींत खोटेपणा कमी असतो, कारण त्या वाकवून त्याला काही मिळणार नसतं.

तुमच्या दोघी स्त्रिया आहेत, आणि म्हणून हा सगळा साठा तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. इंग्लंडच्या कायद्याने पुरुषांमधल्या संबंधांना १५३३ पासून गुन्हा ठरवलं, बायकांमधल्या संबंधांना कधीच नाही. १९२१ मध्ये तसा प्रयत्न झाला होता. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तो हाणून पाडताना जो युक्तिवाद झाला तो वाचून मला दर वेळी हसू येतं: हजारातल्या नऊशे नव्याण्णव बायकांना असं काही असतं हेच माहीत नाही, कायदा केला तर त्यांना कळेल! जर्मनीच्या १८७१ च्या दंडसंहितेतलं १७५ वं कलमही पुरुषांपुरतंच होतं. त्यामुळे पुरुषांची आयुष्यं गुन्ह्याच्या दप्तरात सापडतात आणि बायकांची तिथेही सापडत नाहीत. याचा अर्थ त्या कमी होत्या असा काढणारे लेख मी वाचले आहेत. पोलिसांच्या वहीत नाव नाही म्हणून माणूसच नव्हतं, हा कुठला न्याय?

मग बायका कुठे सापडतात? घरात. हिशेबाच्या वह्या, मृत्युपत्रं, घरातल्या चीजवस्तूंच्या याद्या, जनगणनेचे तक्ते, दफनभूमीच्या नोंदी. कंटाळवाणे कागद. अभ्यासक पत्रांवर तुटून पडतात, कारण पत्रं गोड असतात. मी पैशाच्या कागदांपासून सुरुवात करते. पत्रात माणूस भावनेच्या भरात काहीही लिहील, पण मालमत्ता कुणाच्या नावे करायची हे ठरवताना सहसा शंभरदा विचार करतो.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, वेब्रिज नावाच्या छोट्या गावी, चॅरिटी ब्रायंट आणि सिल्व्हिया ड्रेक या दोघी १८०७ पासून १८५१ पर्यंत, म्हणजे चॅरिटीच्या मृत्यूपर्यंत, एकत्र राहिल्या. दोघींचा शिवणकामाचा धंदा होता. चॅरिटीने आपली पत्रं जाळून टाकायला लोकांना सांगितलं होतं, म्हणजे काही झाकायचं आहे याची तिला जाणीव असावी. तरीही गावाने त्यांना जोडपं म्हणून सामावून घेतलं. चॅरिटीचा भाचा विल्यम कलन ब्रायंट हा नामवंत कवी. त्याने या दोघींबद्दल छापील मजकुरात लिहिलं की त्यांचं नातं लग्नाइतकंच पवित्र आहे. सिल्व्हिया १८६८ मध्ये गेली आणि तिला चॅरिटीच्याच दगडाखाली पुरलं. आता या सगळ्यात ‘तसा’ पुरावा कुठे आहे? धंदा एक, घर एक, दगड एक, आणि नातेवाइकाची लग्नाशी केलेली तुलना. एखाद्या स्त्री-पुरुषाबद्दल एवढं मिळालं असतं तर आपण दुसरं काही शोधायला गेलो असतो का?

मृत्युपत्र वाचताना ‘कुणाला दिलं’ याच्या पुढे जाऊन ‘कोणत्या अटीवर दिलं’ हे पाहा. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या जमीनदार अ‍ॅन लिस्टरने आपली शिब्डन हॉलची मालमत्ता हयातीपुरती अ‍ॅन वॉकर या आपल्या जोडीदारणीला दिली, पण वॉकरने लग्न केलं तर हक्क संपेल अशी अट घातली. ही अट त्या काळचे नवरे आपल्या बायकांसाठी लिहून ठेवत. म्हणजे लिस्टरने स्वतःला कोणाच्या जागी बसवलं होतं, हे वकिली भाषेतल्या एका कलमात आलं. तुमच्या मृत्युपत्रात अशी काही अट आहे का ते बघा. साक्षीदार कोण आहेत तेही बघा. सख्ख्या भावाने साक्षीदार म्हणून सही केली असेल तर घरच्यांना तेव्हा हे नातं मान्य होतं, आणि आज नाकारणारे त्यांच्या नंतरचे आहेत.

लिस्टरचं नाव निघालंच आहे तर तिच्या रोजनिशीची गोष्ट सविस्तर सांगते, कारण या विषयात कागद कसे लपतात, कोण लपवतं आणि कोण बाहेर काढतं हे सगळं त्या एकाच गोष्टीत आहे.

लिस्टर १७९१ मध्ये जन्मली आणि १८४० मध्ये, प्रवासात असताना, जॉर्जियातल्या कुताइसी इथे वारली. मागे सुमारे पन्नास लाख शब्दांची रोजनिशी राहिली. त्यातला साधारण सहावा भाग तिने स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत लिहिला होता, त्यात ग्रीक अक्षरं होती आणि बीजगणिताची चिन्हं होती. घराण्यातला शेवटचा वारस जॉन लिस्टर याने साध्या लिपीतले उतारे स्थानिक वृत्तपत्रात छापले, शेतीचे, राजकारणाचे, खाणींचे. १८९० च्या दशकात तो आणि त्याचा शिक्षक मित्र आर्थर बरेल सांकेतिक भाग फोडायला बसले. बरेलला दोन अक्षरांचा अंदाज आला होता. मग जुन्या दस्तांत एक कपटा मिळाला, त्यावर ‘देवावर माझी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांपुढे चार सांकेतिक अक्षरं होती. ‘आशा’ या अर्थाचा ‘होप’ हा शब्द तिथे बरोब्बर बसला, आणि त्या चार अक्षरांवरून रात्रीतून जवळजवळ सगळी लिपी उलगडली.

आत जे निघालं ते वाचून दोघे हादरले. लिस्टरचे बायकांशी असलेले प्रेमसंबंध, शरीरसंबंध, मत्सर, आजार, सगळं तिने स्वच्छ लिहून ठेवलं होतं. बरेलने सल्ला दिला की हे जाळून टाक. जॉनने जाळलं नाही. त्याने वह्या भिंतीच्या लाकडी तक्तपोशीमागे परत लपवल्या आणि मरेपर्यंत गप्प राहिला. तो १९३३ मध्ये गेला. त्यानंतर बरेलने लिपीची किल्ली ग्रंथालयाच्या हवाली केली. पुढे दोन अभ्यासक बायकांनी वर्षानुवर्षं खपून वह्या वाचल्या, आणि त्यांच्यातल्या एकीने सांकेतिक भाग भयंकर कंटाळवाणे आहेत असं लिहून ठेवलं. (कंटाळवाणे! माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपालबाईंचं म्हणणं आहे की हे वाक्य म्हणजे दुसरं कुलूपच होतं, पहिल्यापेक्षा मजबूत.) अखेर १९८८ मध्ये हेलेना व्हिटब्रेड यांनी सांकेतिक उतारे उलगडून पुस्तक छापलं. लिस्टरच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी जगाला कळलं. २०११ मध्ये या वह्या युनेस्कोच्या ब्रिटनमधल्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेल्या.

जॉन लिस्टरने त्या रात्री काय विचार केला असेल, हे कोडं मला कायम छळतं. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये पुरुषांमधल्या कोणत्याही ‘असभ्य वर्तना’ला शिक्षा करणारं कलम आलं होतं, १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला त्याखाली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. अशा दिवसांत त्याने जाळलं नाही, हीच मोठी गोष्ट. दोष द्यायचा तर मी काळाला देईन.

सगळेच एवढे धीराचे नसतात. कागद बदलणारेही असतात आणि बहुधा ते प्रेमापोटी बदलतात. मायकेलअँजेलोने तोम्मासो दे काव्हालिएरी या तरुणासाठी लिहिलेल्या कविता मायकेलअँजेलोच्याच भावाच्या नातवाने १६२३ मध्ये छापल्या, तेव्हा त्यातली पुल्लिंगी सर्वनामं स्त्रीलिंगी करून टाकली. अस्सल पाठ छापून यायला १८६३ उजाडलं. मधली दोनशे चाळीस वर्षं वाचकांनी त्या कविता कुण्या बाईसाठीच्या समजून वाचल्या. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने तर स्वतःच्याच वहीत हे केलं. पीटर डॉयल या आपल्या जिवलगाचा उल्लेख तो ‘१६.४’ असा आकड्यांत करतो, इंग्रजी वर्णमालेतलं सोळावं अक्षर आणि चौथं अक्षर, म्हणजे नावाची आद्याक्षरं. एके ठिकाणी ‘त्याला’ खोडून ‘तिला’ केलेलं आहे. म्हणून माझा हट्ट असतो की छापील आवृत्तीवर थांबू नका, हस्तलिखित मागा. खाडाखोड छापून येत नसते. कागदाच्या मागच्या बाजूला, कडेला, वेगळ्या शाईत काय आहे ते प्रत्यक्ष पाहा.

सूचीवरही विश्वास ठेवू नका. १३९४ च्या डिसेंबरात लंडनच्या चीपसाइड भागात एका व्यक्तीला बायकांच्या वेषात पकडलं. नोंदीत जॉन रायकेनर हे नाव आहे, आणि त्या व्यक्तीने स्वतःचं सांगितलेलं एलिनॉर हे नावही आहे. जबाबात ऑक्सफर्डला एलिनॉर या नावाने भरतकाम करून पोट भरल्याचंही येतं. मध्ययुगीन इंग्लंडमधली ही किती दुर्मीळ नोंद! पण १९३२ मध्ये त्या दप्तराची छापील सूची निघाली तेव्हा संपादकाने हे सगळं अनैतिक वर्तनाचा आरोप असलेल्या ‘दोन पुरुषां’च्या तपासणीची नोंद असं दोन ओळींत गुंडाळलं. ना वेष, ना एलिनॉर, ना भरतकाम. संपूर्ण मजकूर विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन इतिहासकारांनी प्रसिद्ध केला. साठ वर्षं तो कागद सर्वांसाठी खुला होता आणि कुणालाच दिसत नव्हता. तेव्हा सूचीत ‘खाजगी, किरकोळ’, ‘कौटुंबिक, बिनमहत्त्वाचे’ असं काही दिसलं की मी तोच गठ्ठा आधी मागवते.

आणि काही गोष्टी खरोखरच उरलेल्या नसतात. माग्नुस हिर्शफेल्ड या जर्मन डॉक्टरांनी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली होती. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी पुस्तकं भर चौकात जाळली. तिथे काय काय होतं याचा हिशेब आता लागणं नाही. अशा ठिकाणी ‘पुरावा नाही’ असं लिहिणं अर्धसत्य होतं, ‘पुरावा जाळला गेला’ असं लिहावं.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या मित्राचं ‘लख्ख दिसतंय’ही मला तितकंच धोक्याचं वाटतं.

सुरुवातीच्या काळात मी एक मोठी चूक केली. एकोणिसाव्या शतकातल्या दोन पुरुषांच्या पत्रांत ‘आपण एका पलंगावर झोपायचो’ असा उल्लेख सापडला आणि मी एका व्याख्यानात ते प्रेमी होते असं ठोकून दिलं. नंतर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, त्या काळी पलंगाची किंमत काय होती माहिती आहे का? माहिती नव्हती. पलंग महाग, खोल्या थंड, खानावळीत अनोळखी माणसंही एका अंथरुणात झोपत. अब्राहम लिंकन आणि जोशुआ स्पीड १८३७ पासून काही वर्षं एकाच पलंगावर झोपत, त्यावर आजही वाद चालू आहे, आणि नुसत्या पलंगाने तो सुटणारा नाही. तेच गळ्यात हात घालून काढलेल्या जुन्या छायाचित्रांचं. तेच ‘प्राणप्रिये’, ‘तुझ्यावाचून जीव जातो’ अशा पत्रांचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मैत्रिणी एकमेकींना अशा भाषेत सर्रास लिहीत. भाषा किती उत्कट आहे यापेक्षा, हीच व्यक्ती इतरांना कोणत्या भाषेत लिहिते हे पाहा. तुमच्या दोघींपैकी एकीने तिच्या बहिणीला, मावशीला, शाळासोबतिणीला लिहिलेली पत्रं शेजारी ठेवा. सगळ्यांनाच ‘प्राणप्रिय’ असेल तर तो शब्द पुरावा म्हणून बाद. एकीलाच असेल तर बोलता येईल.

समकालीन लोक काय समजत होते, हेही एक चांगलं माप आहे. एलिनॉर बटलर आणि सारा पॉन्सन्बी या दोघी १७७८ मध्ये आयर्लंडमधून घर सोडून पळाल्या आणि वेल्समधल्या लँगोलेन इथे पन्नास वर्षं एकत्र राहिल्या. १७९० मध्ये एका वृत्तपत्राने त्यांच्यावर सूचक मजकूर छापला. त्या चिडल्या, खटला भरावा का असं एडमंड बर्क या संसदपटूला विचारलं, त्याने भरू नका म्हणून सांगितलं. म्हणजे ‘त्या काळी असला संशय कुणाच्या मनातही येत नसे’ हे विधान खोटं. १८२२ मध्ये खुद्द अ‍ॅन लिस्टर त्यांचं घर बघायला गेली होती आणि हे नातं निव्वळ मैत्रीचं नसावं असं तिने रोजनिशीत नोंदवलं. तिला आपलं माणूस ओळखता येत असणार. पण तिचा तो अंदाज होता, माझ्या टिपणात मी तो अंदाज म्हणूनच ठेवते. बटलर आणि पॉन्सन्बी स्वतः यावर काही बोलल्या नाहीत. त्यांची मोलकरीण मेरी कॅरिलही त्यांच्याच त्रिकोणी स्मारकाखाली आहे. त्या घरात प्रेमाचे किती प्रकार नांदत होते, हे दोन खान्यांत बसवता येत नाही.

कधीकधी गाठ सुटतच नाही आणि ती तशीच ठेवावी. इजिप्तमध्ये सक्कारा इथे १९६४ मध्ये पाचव्या राजवंशातली एक कबर सापडली, न्यांखनुम आणि खनुमहोतेप या दोन पुरुषांची. दोघेही राजाच्या नखांची निगा राखणाऱ्यांचे प्रमुख. भिंतीवर ते नाकाला नाक लावून मिठीत उभे आहेत, आणि अशी मिठी तिथल्या चित्रकलेत नवरा-बायकोची असते. त्याच कबरीत दोघांच्या बायका-मुलंही रंगवली आहेत. कुणी म्हणतं प्रेमी, कुणी म्हणतं भाऊ, कुणी म्हणतं जुळे. मला इथे खटकतं ते असं की ‘भाऊ’ म्हणणाऱ्यांकडेही नात्याचा स्पष्ट लेख नाही, तरी पुरावा आणण्याची जबाबदारी फक्त ‘प्रेमी’ म्हणणाऱ्यांवर टाकली जाते. पुन्हा तोच तराजू.

नाव काय द्यायचं, हा तुमचा खरा पेच. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द कार्ल-मारिया केर्टबेनी याने १८६८ मधल्या एका पत्रात पहिल्यांदा वापरला आणि १८६९ मध्ये तो छापला गेला. त्याआधीच्या माणसाला तो शब्द चिकटवला तर त्याने स्वतःला तसं कधी म्हटलं नसतं, हे उघड आहे. पण शब्द नव्हता म्हणून अनुभव नव्हता असं म्हणणंही भाबडेपणाचं. चीनमध्ये हान सम्राट आयच्या बाहीवर त्याचा लाडका दोंग श्येन झोपला होता, त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने बाही कापली आणि मग उठला. दोन हजार वर्षं ‘कापलेली बाही’ म्हटलं की चिनी वाचकाला कळत होतं काय म्हणायचंय ते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की ऐन तारुण्यात, पहिलं लग्न नुकतंच झालेलं असताना, छावणीच्या बाजारातल्या बाबुरी नावाच्या मुलावर तो असा भुलला की समोर आला तरी लाजेने नजर उचलवेना. त्याने त्या भावनेला वर्गवारीचं नाव दिलं नाही, वेड म्हटलं, शेर लिहिले. मी त्याला ‘गे सम्राट’ म्हणणार नाही. पण ती पानं म्हणजे फक्त फारसी काव्यसंकेत आहे, असं म्हणणाऱ्यांनाही मी विचारते की मग त्याच पानांतला बायकोबद्दलचा लाजरेपणा तुम्ही खरा कसा धरता?

ब्रिटिश लष्करातले शल्यचिकित्सक जेम्स बॅरी १८६५ मध्ये वारले, तेव्हा शव न्हाऊ घालणाऱ्या बाईने सांगितलं की हे शरीर बाईचं आहे. पन्नासेक वर्षं बॅरी पुरुष म्हणून जगले, सैन्यातल्या सर्वोच्च वैद्यकीय पदांपैकी एकावर पोचले. डॉक्टरकीसाठी वेष बदललेली स्त्री, की आज ज्याला आपण ट्रान्स पुरुष म्हणू तो? मी ‘बॅरी’ आणि ‘ते’ लिहिते, कारण त्यांनी आयुष्यभर तेच निवडलं, आणि मग वाद वाचकापुढे ठेवते. माझ्या मराठी सहकाऱ्यांना मी गमतीने सांगते की आपल्या क्रियापदालाच लिंग चिकटलेलं, इंग्रजीत लिहिणाऱ्याला एका सर्वनामाचा घोर, आपल्याला प्रत्येक वाक्याचा.

शब्द टाळण्यातही राजकारण असतं. २०१८ मध्ये यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चवर लिस्टरसाठी फलक लागला, कारण १८३४ च्या ईस्टरला तिने आणि अ‍ॅन वॉकरने तिथे एकत्र प्रसाद घेऊन आपलं लग्न झालं असं मानलं होतं. फलकावर लिंगभावाच्या चौकटीत न बसणारी उद्योजिका अशा अर्थाचे शब्द होते, ‘लेस्बियन’ हा शब्दच नव्हता. लोक संतापले आणि पुढच्या वर्षी तो शब्द असलेला नवा फलक लागला. मला ते पटलं. लिस्टरने हा शब्द वापरला नसला तरी आपण फक्त स्त्रियांवरच प्रेम करतो असं तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

खाजगीपणाबद्दल माझी सवय सांगते, नियम म्हणून नाही. मेलेल्याची बदनामी हा शब्द मी मानत नाही, कारण त्यात हे नातं लाजिरवाणं आहे हे आधीच गृहीत धरलेलं असतं. पण जिवंत माणसांना मी छापण्याआधी सांगते. परवानगी मागत नाही, खबर देते आणि काय म्हणायचं असेल ते ऐकते. ‘त्या फक्त मैत्रिणी होत्या’ म्हणणाऱ्या आजीबाई चौथ्या भेटीला कपाटातून दुसरा डबा काढतात, हे मी दोनदा अनुभवलं आहे. त्यांना मूर्ख ठरवून पहिल्याच भेटीत वाद घातला असता तर डबा कपाटातच राहिला असता. जिथे नाव उघड झाल्याने आजही कुणाला मार बसू शकतो किंवा घराबाहेर काढलं जाऊ शकतं, तिथे मात्र मी नाव छापत नाही, विषय कितीही मोठा असो.

तर तुमच्या दोघी. सध्या हाती आहे त्यावरून मी एवढं लिहीन: ‘दोघी तीस वर्षं एकत्र राहिल्या आणि एकीने आपली सर्व मालमत्ता दुसरीच्या नावे केली. त्या एकमेकींच्या जोडीदार होत्या.’ ‘जोडीदार’ हा शब्द त्या घराने, पैशाने आणि वर्षांनी कमावलेला आहे, त्यासाठी शयनगृहात डोकवायची गरज नाही. ‘समलिंगी’ हा शब्द मी अजून राखून ठेवीन. त्याआधी तीन गोष्टी तपासा: मृत्युपत्रातली अट आणि साक्षीदार, घराच्या चीजवस्तूंच्या यादीत पलंग किती आणि कोणत्या खोल्यांत, आणि मागे राहिलेलीला सांत्वनाची पत्रं कुणाकुणाची आली. शेवटचा गठ्ठा बहुतेक कुणी पाहत नाही. तिच्या शेजाऱ्यांनी ‘तुमची मैत्रीण गेली’ असं लिहिलंय की विधवेला लिहितात तसं लिहिलंय, ते वाचा आणि मला कळवा.